अमेरिकेत अपघाताच्या दाव्यात ‘दंडात्मक भरपाई’ कधी मिळते? प्रत्येक जखमीला मिळते का?

नाही, बहुतेकांना मिळत नाही. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, सोसलेल्या वेदना यांची भरपाई वेगळी. दंडात्मक रक्कम त्याच्या वर असते आणि ती प्रतिवादीला शिक्षा म्हणून लावतात. त्यासाठी नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. धोका माहीत असूनही त्याने बेपर्वाई केली किंवा मुद्दाम इजा केली, हे दाखवावं लागतं. बऱ्याच राज्यांत पुरावाही नेहमीपेक्षा भक्कम लागतो.

मॅकडोनल्ड्सच्या कॉफीचा खटला बघा. लोक तो हसण्यावारी नेतात, ते मला फार खटकतं. १९९२ मध्ये न्यू मेक्सिकोत ७९ वर्षांच्या आजींच्या मांडीवर कॉफी सांडली. भाजणं इतकं खोल होतं की त्वचारोपण करावं लागलं. कॉफी इतकी गरम असल्याच्या सातशेहून जास्त तक्रारी कंपनीकडे आधीच आल्या होत्या, आणि ज्यूरीने नेमकं तेच धरलं. भरपाई १,६०,००० डॉलर (२० टक्के दोष आजींचा धरून), दंड २७ लाख डॉलर. न्यायाधीशांनी दंड ४,८०,००० वर आणला, म्हणजे भरपाईच्या तिप्पट. पुढे दोन्ही बाजूंनी आपसांत तडजोड केली.

२००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दंड भरपाईच्या नऊपटीपुढे गेला तर तो सहसा टिकणार नाही. काही राज्यांनी कायद्यानेच कमाल मर्यादा घातली आहे. शिवाय या रकमेवर प्राप्तिकर लागतो, हे आधीच लक्षात घ्या.

आपल्याकडे असा दंड विरळाच. उपहार चित्रपटगृहाच्या आगीच्या प्रकरणात तो लावला होता, पण सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अडीच कोटींचे २५ लाख केले. मला ते फारच कमी वाटतं.