दोन हर्मिट क्रॅब पाळायचे आहेत. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने त्यांच्यासाठी घर कसे तयार करावे?

आपण लिहिले आहे की आपण न्यू जर्सीत राहता, आठ वर्षांच्या मुलासाठी समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानातून दोन हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे, घ्यायचे आहेत, आणि दुकानदार देतो तो जाळीचा पिंजरा पुरेल का, एकूण खर्च किती येईल आणि डिसेंबरात महिनाभर भारतात गेल्यास चालेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. तो पिंजरा पुरणार नाही आणि तो घरी आणूही नये. बाकीचे सांगायला मला जरा जागा लागेल, कारण आपण आज ज्या वळणावर आहात तिथे २०१४ च्या जुलैमध्ये मी माझ्या सात वर्षांच्या मुलीचा हात धरून उभा होतो, आणि त्या पिंजऱ्यापायी व माझ्या अज्ञानापायी आमच्या घरात दोन जीव गेले.

मी मूळचा हर्णैचा. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत इवलेसे शंख पाय फुटल्यासारखे चालू लागत, ते बघण्यात आमच्या सुट्टीतल्या सकाळी जात. त्यामुळे शंखातला खेकडा आपल्याला ठाऊक आहे, असे मी गृहीत धरले. दुकानातला मुलगा म्हणाला की हे जमिनीवर राहणारे खेकडे आहेत, स्पंज ओला ठेवा, डब्यातले दाणे घाला, बाकी काही करावे लागत नाही. मुलीने निळ्या आणि केशरी रंगाने रंगवलेल्या शंखांतले दोन खेकडे निवडले. पिंजरा, रंगीत खडे आणि प्लास्टिकचे नारळाचे झाड घेऊन आम्ही घरी आलो.

नोव्हेंबरात घरात हीटिंग सुरू झाले आणि निळ्या शंखातला खेकडा मंदावला. दिवसभर एका कोपऱ्यात बसून राही, पाय शंखाबाहेर सैल पडलेले असत. मला वाटले, त्याला थंडी बाधत असेल. मी पिंजरा उचलून गरम हवेच्या झरोक्याजवळ ठेवला. आठ दिवसांत तो मेला.

काय घडले ते मला नंतर वाचून समजले. हे खेकडे जमिनीवर राहत असले तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात, आणि ते कल्ले ओलसर असतील तरच हवेतला प्राणवायू त्यांना मिळतो. त्यासाठी हवेतली आर्द्रता ७५ ते ८५ टक्के असावी लागते. हिवाळ्यात इथल्या घरांतली हवा आपले ओठ फुटण्याइतकी कोरडी असते आणि जाळीच्या पिंजऱ्यात ओलावा टिकण्याचा प्रश्नच नसतो. पाण्याबाहेर काढलेला मासा तडफडताना दिसतो, म्हणून आपल्याला कळते. हा प्राणी आठवडेच्या आठवडे मुकाट्याने गुदमरत राहतो. आणि मी त्याला गरम, कोरड्या हवेच्या झोतात नेऊन ठेवले होते.

त्यानंतर मी घाईघाईने दहा गॅलनची काचेची टाकी आणली, तळाला चार इंच वाळू घातली आणि केशरी शंखातल्या खेकड्याला तिच्यात सोडले. तो टवटवीत झाला, रात्री काचेवर चढायचा प्रयत्न करू लागला, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एके रात्री वाळूत शिरून दिसेनासा झाला. तीन आठवडे गेले. संक्रांतीच्या तिळगुळाला माझे साडू सहकुटुंब आले. त्यांच्याकडे समुद्री माशांची मोठी टाकी आहे आणि अशा बाबतीत आमच्या नातेवाइकांत त्यांचा शब्द शेवटचा मानला जातो. टाकीकडे एक नजर टाकून ते म्हणाले, “मेला असणार तो. वाळूत कुजला तर घरभर वास सुटेल. आणि हे खेकडे असतातच सहा महिन्यांचे.” मी स्वयंपाकघरातून चमचा आणला आणि सगळ्यांच्या देखत वाळू उकरली.

तळाशी त्याने अंड्याएवढी पोकळी करून घेतलेली होती. तिच्या एका बाजूला त्याचे जुने पाय आणि जुनी नांगी पडली होती, रिकामी, सांध्यांसकट शाबूत. शेजारी तो स्वतः होता : फिकट, दुधाळ गुलाबी, ओल्या कागदासारखा मऊ. चमच्याच्या धक्क्याने पोकळी ढासळली आणि ओली वाळू त्याच्या अंगावर पडली. त्याची एक मिशी हलली. तो कात टाकत होता आणि जिवंत होता. दोन दिवसांनी तो खरोखरच मेला, आणि साडूंनी फोनवर म्हटले, “मी सांगितलेच होते.”

ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही, आणि आपल्याला मी जो सल्ला देत आहे तो पुष्कळसा त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. सहा महिने हे या प्राण्याचे आयुष्य नव्हे. कॅरिबियन बेटांवरून येणारा हा खेकडा, ज्याची डावी मोठी नांगी जांभळी असते, नीट राहिला तर तीस वर्षेही जगू शकतो. दुकानातून आणलेले बहुतेक खेकडे वर्षाच्या आत मरतात, याचे कारण त्यांना आपण तसे ठेवतो, हे आहे.

आता घराविषयी. टाकी काचेची हवी आणि वरचे झाकणही काचेचे हवे, किंवा जाळीचे असल्यास ती जाळी घट्ट झाकलेली हवी. दोन लहान खेकड्यांसाठी दहा गॅलन चालते असे बहुतेक जण सांगतील. माझ्या मते वीसपेक्षा लहान टाकी घेऊच नये, कारण दहा गॅलनमध्ये पुरेशी वाळू भरल्यावर वर चढायला जागाच उरत नाही आणि हे खेकडे रात्रभर चढतात. साडूंच्या टाकीत तळ ही शोभेची वस्तू असते. इथे तळ हाच घराचा मुख्य भाग आहे. वाळू किमान सहा इंच खोल हवी आणि सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट हवी. पाच भाग मुलांच्या खेळासाठी विकत मिळणारी वाळू आणि एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असे मिश्रण क्लोरीन काढलेल्या पाण्याने भिजवावे. मुठीत दाबल्यावर त्याचा लाडू वळला जावा, पण बोटांतून पाणी ओघळू नये. कोरड्या वाळूत पोकळी टिकत नाही आणि खड्यांत ती करताच येत नाही. ज्याला कात टाकायला खाली जाता येत नाही असा खेकडा ते लांबवत राहतो आणि शेवटी त्यातच मरतो.

ऊब २४ ते २९ अंश सेल्सियसच्या दरम्यान असावी. त्यासाठीची गरम पट्टी टाकीखाली मुळीच लावू नये. ती मागच्या काचेला, वाळूच्या पातळीच्या वर लावावी. खालून ऊब दिली तर वाळू सुकते आणि खाली असलेला प्राणी भाजतो. आर्द्रता आणि तापमान दाखवणारे डिजिटल यंत्र टाकीच्या आत ठेवावे. हाताला दमट लागते की नाही यावर विसंबू नये; मी तसा विसंबलो होतो.

पाण्याच्या दोन वाट्या लागतात, एक गोड्या पाण्याची आणि एक खाऱ्या पाण्याची. दोन्हींत खेकडा शंखासकट बुडू शकेल इतकी खोली हवी आणि बाहेर यायला दगड किंवा जाळी हवी. शंखात ते थोडे पाणी साठवून ठेवतात आणि त्याचा खारटपणा या दोन वाट्यांतून आपापला जुळवून घेतात. खाऱ्या पाण्यासाठी मत्स्यालयाचे समुद्री मीठ वापरावे, जेवणातले मीठ नव्हे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले की शुद्ध होते, असे साडूंचेही मत होते. क्लोरीन त्याने उडून जातो, पण अनेक शहरांच्या पाण्यात घातलेले क्लोरामाइन उडत नाही, म्हणून ते काढून टाकणारे, मत्स्यालयासाठी मिळणारे द्रावण थेंबभर घालावेच लागते. स्पंज टाकून द्यावा. तो फक्त जंतूंचे आगर होतो.

शंखांच्या बाबतीत दुकानातले रंगीत शंख घेऊ नयेत. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खेकडा ते खरवडून पोटात घालतो. प्रत्येक खेकड्यामागे गोल तोंडाचे चार-पाच नैसर्गिक शंख, सध्याच्या शंखापेक्षा थोडे मोठे, टाकीत ठेवावेत. त्याचे पोट मऊ आणि वळलेले असते, शंखाशिवाय त्याला संरक्षण नाही, आणि शंख कमी पडले की दुसऱ्याला ओढून बाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाते. आमच्याकडे मोठा खेकडा नवा शंख निवडतो तेव्हा आधी नांगी आत घालून कडेपासून तळापर्यंत चाचपतो, शंख उलटापालटा करतो, कधी तासभर विचार करतो, आणि मग पापणी लवण्याइतक्या वेळात एका शंखातून दुसऱ्यात जातो. हे बघायला मुलाला रात्री जागे राहू द्यावे.

खाण्यासाठी डब्यातले दाणे नकोत. अनेकांत कॉपर सल्फेट असते आणि तांबे कवचधारी प्राण्यांना घातक असते. आपल्या घरात जे असते त्यातच त्यांचे पोट भरते : मीठ न लावलेला सुका जवळा, खोबरे, पपई, अंड्याच्या टरफलाची भुकटी, समुद्रफेन, औषध न मारलेल्या ओकच्या झाडाची वाळलेली पाने. रात्री ठेवावे आणि सकाळी उरलेले काढावे.

तरीही माझा मुख्य सल्ला असा की दुकानातून खेकडे घेऊच नयेत. या खेकड्यांची पिल्ले आधी काही आठवडे समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात, त्यामुळे घरात त्यांची पैदास अपवादानेच होते आणि दुकानातला जवळजवळ प्रत्येक खेकडा बेटावरून पकडून आणलेला असतो. दुसरीकडे, इथे किती तरी घरांत मुलांचा उत्साह ओसरल्यावर कोपऱ्यात पडलेले खेकडे असतात आणि लोक ते फुकट देतात. आधी टाकी लावावी, दोन आठवडे आर्द्रतेचे आणि तापमानाचे आकडे स्थिर राहतात का ते पाहावे, आणि मग असे खेकडे आणावेत. आम्ही २०१६ मध्ये तिघांना तसे आणले. एक दुसऱ्या वर्षी कात टाकल्यावर गेला, त्याचे कारण मला सापडले नाही. दोघे आजही आहेत.

त्यांतल्या मोठ्याचा एक पाय येतानाच तुटलेला होता. २०१८ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो वाळूत गेला. संक्रांतीला साडू आले, सपाट वाळूकडे पाहिले आणि तेच म्हणाले, जवळजवळ त्याच शब्दांत. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. ती टाकीसमोर जाऊन उभी राहिली. मी नाकाने वास घेतला. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीची दुर्गंधी येते, आणि तिथे फक्त ओल्या मातीचा वास होता. आम्ही हात लावला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस, जवळजवळ बारा आठवड्यांनी, तो वर आला. नांगी गडद जांभळी झाली होती आणि तुटलेल्या पायाच्या जागी नवा पाय होता, इतरांहून किंचित आखूड. मी फोटो काढून साडूंना पाठवला. त्यांनी काही उत्तर दिले नाही, आणि तो विषय आमच्यात पुन्हा निघालेला नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. हे सगळे जमिनीवरच्या खेकड्यांना लागू आहे. भारतात सुट्टीला गेल्यावर कोकणच्या खडकांतले शंखातले खेकडे मुलाने बरणीत भरून आणू नयेत. ते समुद्राच्या पाण्यातले आहेत आणि अशा टाकीत फार दिवस जगणार नाहीत. शिवाय खेकडा उघड्यावर, वाळूच्या वरच कात टाकू लागला, तर त्याला हलवू नये. प्लास्टिकच्या बाटलीचा तळ आणि गळा कापून उरलेले नळकांडे त्याच्याभोवती वाळूत रोवावे, म्हणजे दुसरा खेकडा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. टाकलेली कात उचलू नये, ती तो स्वतः खातो आणि तिच्यातल्या चुन्याने त्याचे नवे कवच घट्ट व्हायला मदत होते.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण वापरलेली टाकी मिळते की नवी घ्यावी लागते यावर सगळे अवलंबून आहे. एवढे मात्र नक्की की खेकड्यांची किंमत त्यात सर्वांत कमी असेल.

महिनाभर भारतात जाण्याविषयी : पाणी आणि खाणे बदलायला एक दिवसाआड कोणीतरी यावे लागेल, आणि हीटिंग बंद करून जाता येणार नाही. आम्ही जातो तेव्हा पलीकडच्या घरातली कॉलेजला जाणारी मुलगी येते. तिच्यासाठी टाकीच्या काचेवर माझ्या मुलीने एक कागद चिकटवून ठेवला आहे. त्यावर पाण्याचे आणि खाण्याचे दिवस लिहिले आहेत आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : कोणीही दिसला नाही तरी वाळू उकरू नये.