नेमकं कुठं उडवलं?

प्रश्न : पहाटे फिरायला गेलेल्या माझ्या मिस्टरांना मोटारसायकलनं उडवलं. पाय मोडला, आता बरे आहेत. पण कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी रस्त्याचीच चौकशी फार केली. कुठं लागलं, कुठल्या बाजूनं चालत होता, दिवा होता का? हे पोलिसांचं काम ना?
– निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, त्यातले काही प्रश्न उपचारासाठीच असतात. मोटारीचा बंपर मोठ्या माणसाला गुडघ्याच्या आसपास लागतो, मग माणूस बॉनेटवर आपटतो, डोकं काचेवर. म्हणून पाय मोडून आलेला पेशंट नीट बोलत असला तरी आम्ही डोकं आणि पोट तपासतोच.

बाकीचे प्रश्न पुढच्या माणसासाठी. मीही कित्येक वर्षं केस पेपरवर ‘आरटीए (म्हणजे रस्त्यावरचा अपघात), पादचारी’ एवढंच खरडायचो. एकदा उसाच्या हंगामात एका बाईंच्या कपाळाला टाके घालत होतो. सोबतची जाऊ म्हणाली, “त्याच वळणावर गेल्या महिन्यात आमच्या शेजारणीला उडवलं.” त्या दिवसापासून वही घातली. जागा, वेळ, उजेड.

पाच नोंदी एकाच वळणाच्या झाल्या तेव्हा संध्याकाळी सातला स्वतः जाऊन उभा राहिलो. खांबावर दिवा होता, पण वडाच्या फांद्यांत पार बुडालेला. वडापच्या जीपमधून उतरलेल्या बायका उसाच्या ट्रॉलीमागून अंधारात रस्ता ओलांडत होत्या. संबंधित कार्यालयात गेलो तर म्हणाले, पोलिसांत एकच नोंद आहे. बरोबरच होतं, बाकीच्यांनी जागेवरच मिटवलं होतं. पण टाके घालायला सगळ्या आमच्याकडेच आल्या होत्या! ती वही पुढं ठेवली. तीन महिन्यांनी फांद्या उतरवल्या. गतिरोधक अजून झालेला नाही आणि त्याचा मला रोज त्रास होतो. मोटारीचा वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटर झाला की धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका चौपटीहून जास्त वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथं मी काहीही करून उपयोग नसतो.

मिस्टर पुन्हा फिरायला लागले की फूटपाथ नसेल तिथं उजव्या कडेनं चालू द्या, समोरची गाडी दिसते. अंगात पांढरा शर्ट असू दे. आणि त्यांच्या केस पेपरवर जागा लिहिली आहे का, तेवढं बघा. नुसतं ‘रस्त्यावर’ असेल तर पुढच्या तपासणीला जाल तेव्हा चौकाचं नाव, जवळचं दुकान, खांबाचा नंबर सांगून लिहून घ्या.