हात मळले की रडणारी रेवा

"मॅडम, आठवडाभर खपून मी मुलीला हात घालून खेळायला पावसाळ्याचा ट्रे केला. निळं पाणी, ढगांसाठी पांढरा फेस, पाण्यात फुगणारे रंगीत मणी. हिने फेसाला एक बोट लावलं आणि किंचाळून रडायलाच लागली. बाकीची मुलं चिखलात लोळतात. हिच्यात काही कमी आहे का हो?"

मुलगी 3 वर्षांची. तिला आपण रेवा म्हणू. आईवडिलांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून हे लिहिते आहे, कारण पाऊस सुरू झाला की हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्यापुढे येतो.

आई बोलत होती तेव्हा मी रेवाकडे पाहत होते. कोपऱ्यातल्या कुंडीशी ती उकिडवी बसली होती. पानावरचा थेंब तिने नखाच्या टोकाने हलवला आणि लगेच हात आईपुढे धरला. आईने बोलता बोलता पर्समधून ओला टिश्यू काढून तो पुसला. 40 मिनिटांत हे 5 वेळा झालं. दोघींच्याही ते लक्षात नव्हतं.

मी जन्माबद्दल विचारलं. रेवा 32व्या आठवड्यात जन्मली, बरेच दिवस काचपेटीत होती. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवायचं नाही, हे आईच्या मनावर तेव्हा कोरलं गेलं. त्या वेळी तो नियम अगदी योग्य होता. तो कधी संपवायचा, एवढंच तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी हे बोलले तेव्हा ती बराच वेळ रडली. तिची चूक काढण्यासाठी मी हे शोधलं नव्हतं, आणि तिला ते कळलं हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं होतं.

पण सगळं सवयीवर ढकलूनही चालत नाही. काही मुलांना स्पर्श मुळातच तीव्र जाणवतो. जीन एअर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने (रोजची कामं आणि खेळ जमावेत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने) 1960-70च्या दशकांत यावर मूलभूत काम केलं. अशा मुलांना घट्ट दाबलेला हात चालतो, पण हलका, चिकट, गुदगुल्या करणारा स्पर्श नकोसा होतो. फेस नेमका तसाच. बोटाला चिकटतो आणि झटकून जात नाही.

म्हणून मी आणखी विचारलं. हाक मारल्यावर पाहते का? आवडलेली गोष्ट बोटाने दाखवते का? वाक्यं बोलते का? नखं कापताना, केस विंचरताना, मिक्सरच्या आवाजाला, नव्या कपड्यांना, घासातल्या पोताला त्रास होतो का? रेवाची अडचण हातांपुरतीच होती. यातल्या बऱ्याच अडचणी एकत्र दिसल्या, तर मात्र घरच्या ट्रेवर विसंबू नका. मुलांच्या विकासाचे डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांना लवकर दाखवा.

ते फुगणारे मणी मी त्याच दिवशी काढून टाकायला सांगितले. मुलाने गिळले तर ते पोटात फुगून आतडं अडवू शकतात, आणि साध्या एक्स-रेत बहुतेकदा दिसतही नाहीत. दिसायला मोहक आहेत म्हणून कुणीही ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, असं मला कळकळीने वाटतं.

मग मी घाई केली. "साधी ओली माती द्या," म्हणाले. रेवा खोलीतूनच पळाली. पहिली पायरी मी फार उंच ठेवली होती.

दुसऱ्यांदा खालून सुरुवात केली. पसरट ट्रेमध्ये मुठीएवढे कोरडे दगड, एक जाड ब्रश आणि वाटीभर पाणी. ब्रश फिरवला की दगडाचा रंग गडद होतो. रेवा 10 मिनिटं तेच करत राहिली. हाताला काही लागत नव्हतं, तरी पाऊस दगडाला काय करतो ते तिने पाहिलं. शेजारी स्वच्छ पाण्याचं भांडं आणि रुमाल. हात पुसायचा की नाही, कधी पुसायचा, हे तिचं ती ठरवणार. आईने फक्त बसायचं. "बघ बघ, हात लाव" म्हणायचं नाही. आईला हे सगळ्यांत अवघड गेलं.

नंतर झिपच्या पिशवीत ओली माती भरून तोंड चिकटपट्टीने बंद केलं. रेवा ती वरून तळव्याने दाबायची. मग मोठी पानं पाण्यात धुणं. मग चमच्याने माती. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो मुख्यतः मातीतल्या जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा; तो वास रेवाला आवडला आणि वासासाठी ती ट्रेवर वाकू लागली. त्यातच एक दिवस बोट बुडलं. तिने पाहिलं, रुमालाकडे पाहिलं, आणि पुन्हा वास घेतला.

काळजी एवढीच घ्यायची: माती खत न घातलेली आणि कुत्र्यामांजरांनी घाण न केलेली हवी. पानं ओळखीची हवीत. कण्हेरीसारखी विषारी नकोत. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी वस्तू 3 वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. पाणी 2-3 सेंटिमीटरच असलं तरी मोठ्या माणसाने तिथून उठू नये, कारण तेवढ्यातही मूल बुडू शकतं. खेळ संपला की ट्रे लगेच रिकामा करावा. शेवटी साबणाने हात धुवायचेच. पुसण्याचा आग्रह सुटला म्हणजे धुणं सुटलं, असं नव्हे.

सुमारे दोन महिन्यांनी दोघी आल्या. फेस रेवाला अजूनही आवडत नाही, आणि तो आवडायलाच हवा असंही काही नाही. "आता पुढच्या ऋतूचा ट्रे काय करू?" आईने विचारलं. मी रेवाकडे पाहिलं. तिने खिशातून वाळकं पान काढलं, मुठीत चुरडलं, कुरकुर आवाज ऐकला आणि चुरा माझ्या तळहातावर ओतला.