घरच्या घरी इटालियन पद्धतीचं हलकं, थंडगार कॉकटेल कसं बनवू?

तुम्ही लिहिलंय की शनिवारी चार जण जेवायला येतायत, जेवणाआधी काहीतरी इटालियन आणि थंड हातात द्यायचंय, घरी शेकर नाही, आणि फार कडू झेपत नाही. मग शोधाशोध कशाला, स्प्रिट्झ करा, म्हणजे फसफसणारी वाइन, अपेरोल नावाचं किंचित कडू केशरी मद्य आणि सोडा. त्याला शेकर लागतच नाही. घातलात तर फसफसून सगळं ओट्यावर येईल.

मी दोन वर्षं उत्तर इटलीतल्या पादोव्हात राहत होते. अपेरोल हे त्याच गावचं. बार्बिएरी बंधूंनी १९१९ साली तिथल्या जत्रेवजा प्रदर्शनात ते पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. पिआत्झा देल्ले एर्बे नावाच्या चौकात सकाळी भाजीबाजार भरतो, आणि संध्याकाळी तिथेच विद्यार्थी, ऑफिस सुटलेले लोक, कुत्रा फिरवायला आलेल्या आज्या असे सगळे हातात केशरी ग्लास घेऊन. आपल्याकडे 'बसायचं का?' असं विचारतात, तिथे लोक चक्क उभे असतात. एक ग्लास, चार ऑलिव्ह, मूठभर चिप्स, तासभर गप्पा, की निघाले घरी जेवायला. जेवणाआधीच्या अशा पेयाला तिथे अपेरितीव्हो म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'उघडणे' या अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे. आपण भूक चाळवणं म्हणतो, तेच. म्हणून तर ते किंचित कडू असतं.

प्रमाण ३:२:१. तीन भाग प्रोसेक्को (ही इटलीची फसफसणारी वाइन), दोन भाग अपेरोल, एक भाग सोडा. म्हणजे एका ग्लासाला ९०, ६० आणि ३० मिली. मापाचा पेला नसेल तर एखादी छोटी वाटी ठरवून घ्या आणि तिन्ही गोष्टी तिनेच मोजा, प्रमाण चुकणार नाही.

आता खरी गोष्ट, बर्फ. पुण्यात परत आल्यावर मी पहिल्यांदा पाहुण्यांना स्प्रिट्झ दिला तेव्हा कंजूसपणे दोन-दोन खडे टाकले होते. वाइनही जेमतेम तासभर फ्रीजमध्ये ठेवलेली. पाच मिनिटांत बर्फ गायब, फेस गायब, आणि उरलं ते कोमट गोडूस पाणी. वर बर्फाला फ्रीजरमधल्या सुरमईचा वास! आत्याने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हे काडेकिराईत घातलेलं सरबत आहे का?"

बर्फ कमी घातला की पेय पातळ होत नाही, असं आपल्याला वाटतं. होतं नेमकं उलट. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला की सगळं पटकन गार होतं आणि मग बर्फ वितळायचं काम सावकाश चालतं. दोनच खडे असले तर बिचारे सगळी उष्णता शोषता शोषता संपून जातात. शिवाय द्रव जितका गार तितका त्यात वायू टिकून राहतो, म्हणजे बुडबुडेही टिकतात. त्यामुळे वाइन, सोडा आणि जमलं तर अपेरोलसुद्धा आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. शनिवारचा बर्फ विकत आणा, किंवा निदान ट्रे झाकून ठेवा आणि मासळी दुसरीकडे हलवा.

ओतण्याचा क्रमही महत्त्वाचा. मोठा, पोटाचा ग्लास बर्फाने भरा, आधी प्रोसेक्को, त्यावर अपेरोल, शेवटी सोडा. अपेरोलमध्ये साखर बरीच, त्यामुळे ते जड असतं. आधी ओतलंत तर तळाशी बसतं आणि वर आणायला ढवळत बसावं लागतं, तेवढ्यात फेस जातो. वरून ओतलं की ते आपणहून खाली उतरत मिसळतं. चमचा एकदाच, हलक्या हाताने खालून वर. सोडा साधा, नुकता उघडलेला. लिंबू सोडा अजिबात नको. संत्र्याची चकती घालतात, पण आपल्या नागपुरी संत्र्याचं साल सुटं असतं, चकती ग्लासात विस्कटते. घट्ट सालीचा माल्टा किंवा मोसंबी घ्या. पादोव्हा-व्हेनिसकडे त्यात काडीला टोचलेलं हिरवं ऑलिव्हही असतं. मला ते संत्र्याहून जास्त आवडतं, खारटपणाने गोडी तुटते.

प्रोसेक्को घेताना लेबल वाचा. 'एक्स्ट्रा ड्राय' म्हटलं की सगळ्यात कोरडी वाटेल, पण ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते. अपेरोल मुळात गोड, म्हणून ब्रूटच घ्या. प्रोसेक्को महाग वाटली किंवा मिळाली नाही तर नाशिकची ब्रूट स्पार्कलिंग वाइन खुशाल वापरा. तिथल्या अनेक वाइनमध्ये दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीतच होते, प्रोसेक्कोमध्ये ती सहसा मोठ्या टाकीत होते, त्यामुळे चवीला किंचित पावाचा वास येईल. कोणी तक्रार करणार नाही. शॅम्पेन मात्र यात वाया घालवू नका.

आत्याची जीभ तशी बरोबर होती बरं का. अपेरोलची कृती गुप्त असली तरी त्यात जेन्शनचं मूळ, रेवाचिनी, सिंकोनाची साल आणि कडू-गोड संत्री असतात हे उघड आहे. जेन्शन आणि आपलं काडेकिराईत एकाच कुळातल्या वनस्पती! त्यातही अपेरोल हा कडूपणाचा बालवर्ग. तिथले कित्येक जण स्प्रिट्झ कंपारी या दुसऱ्या इटालियन मद्याचा मागतात. तो लालभडक आणि चांगलाच कडू. कंपारी घेतलीत तर ६० ऐवजी ४० मिलीवर थांबा, कारण अपेरोल ११ टक्के आणि कंपारी त्याच्या दुपटीच्या आसपास. देशागणिक फरक असतो, बाटलीवर बघून घ्या. तुम्ही मात्र पहिल्यांदा अपेरोलच घ्या.

दिसायला सरबत असलं तरी सरबत नाही, हे पाहुण्यांना सांगा. वरच्या मापात १६-१७ मिली शुद्ध अल्कोहोल होतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये १३ मिलीच्या जवळपास असतं. म्हणजे एक स्प्रिट्झ छोट्या पेगपेक्षा जास्तच, फक्त पिताना ते जाणवत नाही. गाडी चालवणाऱ्याला देऊच नका. त्याच्यासाठी टॉनिक वॉटर, मोसंबीचा रस, भरपूर बर्फ आणि तेच ऑलिव्ह. टॉनिकचा कडूपणा क्विनिनचा, आणि क्विनिन मूळचं सिंकोनाच्या सालीतलं, त्यामुळे चव त्याच घराण्यातली लागते.

प्रोसेक्कोची बाटली उघडायचीच नसेल तर अमेरिकानो करा. ३० मिली कंपारी, ३० मिली लाल गोड व्हर्मुथ, भरपूर बर्फ, वर सोडा. कंपारी मिलानची आणि व्हर्मुथ तोरिनोचं, म्हणून याला आधी मिलानो-तोरिनो म्हणत. कडूपणा मात्र जास्त आहे, सांगून ठेवते. व्हर्मुथ ही वाइनच असते, तेव्हा उघडलेली बाटली कपाटात नको, फ्रीजमध्ये. उरलेल्या प्रोसेक्कोच्या तोंडात चमचा उभा करून ठेवल्याने बुडबुडे टिकतात हे खोटं आहे, मी करून पाहिलंय. स्टॉपर लावा आणि रविवारी संपवा.

सोबत खायला तळणीचा घाट नको. खारे शेंगदाणे, ऑलिव्ह, चीजचे तुकडे पुरेत. भजी ठेवलीत तर जेवण कोणी जेवणार नाही आणि मग भूक चाळवून उपयोग काय. माणशी एक ग्लास धरा. दुसरा कोणी मागितलाच तर आधी आमटी गरम करायला ठेवा आणि मग भरा.