मोहरीच्या दाण्याएवढाही विश्वास नव्हता का?

"भाऊ गेल्यापासून प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्दच फुटत नाहीत," ती म्हणाली. लहानपणापासून चर्चच्या मंडळीत वाढलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) भावाच्या आजारपणात तिने उपास केले, रात्री जागून देवाला विनवलं. तरी तो गेला. त्यानंतर कुणीतरी सांत्वनाच्या ओघात बोलून गेलं, "विश्वासाने मागितलं की मिळतंच." ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. "शास्त्रात मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरे म्हटलंय. माझा तेवढाही नव्हता का?"

दुःखातल्या माणसांशी बोलताना हा प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. दुःखापेक्षा त्याच्या पाठीवर बसलेली ही अपराधी भावना मला जास्त घाबरवते. म्हणून आधी झोप, जेवण आणि जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचारलं. झोप तुटक होती. मरणाचे विचार नव्हते.

मग म्हटलं, "गेथशेमाने बागेत येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून तीनदा तेच मागितलं, तो टळला नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवलं, काटा राहिला. त्यांचा विश्वास कमी होता?"

"ते वेगळे."

मी घाई केली होती. दाखला डोक्याला पटतो, छातीवरचं ओझं जागचं हलत नाही. थोड्या वेळाने तिनेच बायबलमधल्या मार्थेचा विषय काढला. मार्थेचा भाऊ लाजर याच्या आजाराचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस तिथेच राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजर कबरेत होता. मार्था त्याला म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिची बहीण मरियाही तेच म्हणाली. येशूने दोघींनाही दटावलं नाही, तो रडला.

"पण त्यांचा भाऊ मरणातून उठला. माझा नाही."

"हो. नाही उठला," मी म्हणाले. याहून खरं माझ्याजवळ काही नव्हतं. तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

जाताना तिला बायबलमधलं ८८वं स्तोत्र वाचायला दिलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाकडे केलेली तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच, हे मी मनापासून मानते. जो ऐकतच नाही असं वाटतं, त्याच्याशी कुणी भांडत नाही. "याच्यासारखंच तुमचं लिहून आणा. शेवट गोड करू नका," इतकंच सांगितलं.

पुढच्या वेळी तिने वहीचं एक पान आणलं. सहा ओळी, त्यातल्या चार 'का' ने सुरू होणाऱ्या.

"खाली आमेन लिहायला हात धजेना," ती म्हणाली.

"मग नका लिहू."

तिने पान घडी करून बायबलमध्ये ठेवलं. "काल रात्री बराच वेळ भांडले त्याच्याशी," ती म्हणाली. "मग झोप लागली."