केसांसाठी आहार: सुरुवात ताटापासून

ताई, केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटरच वाढतात, त्यामुळे आज बदललेल्या आहाराचा परिणाम दिसायला 3-4 महिने लागतील, हे आधी मनाशी पक्के करा.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचे बनलेले असल्याने दोन्ही जेवणांत प्रथिने हवीतच. आपल्या गोव्यात बांगडे आणि तारले मुबलक मिळतात. श्रावणात मासे वर्ज्य असतील, तर अळसांद्यांचे तोणाक (चवळीची रस्सा भाजी), कुळीथ आणि दही यांनी ती उणीव भरून काढावी. नुसत्या पेज-लोणच्यावर दुपार भागवणे ही नवख्यांची पहिली चूक.

दुसरी चूक लोहाची. तांबड्या भाजीतले (लाल माठातले) लोह सहज शोषले जात नाही. तिच्यावर लिंबू पिळले किंवा सोबत पेरूची फोड खाल्ली तर ते अधिक मिळते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका त्यालाच अडवतो. तो तासभर पुढे ढकला.

वजन झटपट उतरवण्यासाठी उपासमार मुळीच करू नका. त्यानंतर 2-3 महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात आणि तोवर कारण विसरलेले असते. बायोटिनच्या (एका ब-जीवनसत्त्वाच्या) गोळ्या सध्या बाजूला ठेवा. गळती फारच असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.