वाचकांचे प्रश्न : दगडच पाहायला एवढ्या लांब जावं का?

प्रश्न : कंपनीच्या कामाने जपानला जातोय. दोन दिवस मोकळे आहेत. कामाइशीजवळच्या डोंगरात हाशिनोची जुनी लोखंडभट्टी आहे, पण आता नुसते दगड उरलेत म्हणतात. जावं का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : जरूर जा. भोसरीच्या फाउंड्रीत माझी बत्तीस वर्षं क्युपोलासमोर, म्हणजे बीड वितळवायच्या उभ्या भट्टीसमोर गेली, म्हणून आग्रहाने सांगतो.

आधी कामाइशी गावातलं लोखंडाच्या इतिहासाचं संग्रहालय बघा. तिथे हाशिनोच्या तिसऱ्या भट्टीची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. ती डोळ्यांत भरून वर गेलात की दगड बोलायला लागतात. मी उलट केलं, आधी भट्ट्या पाहिल्या. त्याची हळहळ अजून आहे.

वर तीन भट्ट्यांचे ग्रॅनाइटचे चौथरे आहेत. मी गेलो तेव्हा मे महिना होता, सांध्यांत ओलं शेवाळ होतं. लोखंडाचा रस काढायच्या तोंडापाशी उकिडवा बसलो आणि हात आपोआप सळई धरल्यासारखा पुढे गेला. शेजारचा पाण्याचा पाट चुकवू नका. वीज नव्हती, भाता पाणचक्कीवर चालायचा. वारा तुटला की भट्टी गोठते, हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे भट्टीचा जीव त्या पाटात होता. खनिज मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा दगड, इंधन लोणारी कोळसा. दोन्ही त्याच डोंगरातलं.

हे उभं करणारा ओशिमा ताकातो. तोफा ओतायला वाळूतल्या लोखंडाचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नीट चालेना, म्हणून खनिजातून बीड काढायचं ठरवलं. युरोपातली भट्टी डोळ्यांनी न पाहता, डच पुस्तकावरून त्याने जवळच्याच ओहाशीला पहिला रस काढला. जपानी पंचांगाने ती बाराव्या महिन्याची पहिली तिथी, साल १८५७. जपान आजही १ डिसेंबरला लोखंडाचा दिवस पाळतो. हाशिनोचं काम १८५८ मध्ये सुरू झालं आणि १८९४ पर्यंत चाललं. २०१५ पासून हे जागतिक वारशात आहे.

शिन-हानामाकी या बुलेट ट्रेनच्या स्थानकावरून कामाइशी लाइनची गाडी धरा, कामाइशीला उतरा. पुढे डोंगरात रेल्वे नाही, मोटारीने तासभर लागतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट पुण्यातूनच काढून न्या. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं असतं. हिवाळ्यात माहिती केंद्र बंद असतं, तारखा आधी जुळवा. अस्वलांचा मुलूख आहे, एकटे आडवाटेला जाऊ नका. आणि भट्टीतल्या मळीचा, म्हणजे लोखंडातून वेगळ्या झालेल्या गाळाचा काळा, काचेसारखा तुकडा पायाशी दिसला, तर वाकून बघा, पण उचलू नका.